'वॉर्म' माणसाला मराठीत काय म्हणता? 'उबदार' चालत नाहीये

कलिनाकर

नमस्कार मंडळी. मी सायकॉलॉजीत एमए करतेय आणि डिसर्टेशनसाठी एक प्रश्नावली मराठीत आणतेय. विषय पॅरेंटल वॉर्म्थ, म्हणजे मुलांना आईवडिलांकडून प्रेम मिळतंय असं किती जाणवतं तो. फील्डवर्क लालबाग-परळच्या चाळींमध्ये आहे, कॉलेजात जाणारी मुलं आणि त्यांच्या घरचे. बाकी सगळं भाषांतर झालंय पण एकाच शब्दावर गाडी अडलीय, वॉर्म. इंग्रजीत वाक्य एकदम साधं आहे, माझे वडील माझ्याशी वॉर्म असतात, हो की नाही. मराठीत "माझे वडील माझ्याशी उबदारपणे वागतात" असं लिहिलं आणि एका काकूंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, उबदार म्हणजे स्वेटर-बिटर घालतात का गं? त्या अगदी मनापासून विचारत होत्या. मग "प्रेमळ" घातलं तर गाइड मॅडम म्हणाल्या की प्रेमाचा प्रश्न आधीच वेगळा आहे, दोन्ही एक झाले तर उपयोग काय. एका मैत्रिणीने "गरम स्वभावाचे" सुचवलं, ते, भाषांतर तपासायला मराठीचं परत इंग्रजीत करणाऱ्याकडून "शॉर्ट टेम्पर्ड" होऊन आलं, आणि त्याचं बरोबरच आहे, गरम डोक्याचा म्हणजे आपल्याकडे तापटच.

आता माझा प्रश्न असा की "मायेची ऊब" तर आपण सगळेच म्हणतो ना, मग माणूस उबदार का होत नाही? आणि तुमच्या घरी, बोलण्यात, असा माणूस असला की तुम्ही नक्की काय म्हणता? पुस्तकातला शब्द नकोय, लालबागच्या चाळीत जिन्यावर उभं राहून विचारला तर कळेल असा पाहिजे.

ठाकूरद्वार

कलिनाकर, तुझा प्रश्न वाचून घरातल्या सगळ्यांना विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "अशी बाई म्हणजे जीव लावणारी." बस, एवढंच. आणि मला वाटतं तेच उत्तर आहे. आपल्याकडे ही गोष्ट विशेषण लावून सांगत नाहीत गं, क्रियापदाने सांगतात. जीव लावते, माया करते, आपलं म्हणते, धरून असते, पोटाशी घेते. मायाळू हा शब्द आहे, लाघवी आहे, मनमिळाऊ आहे पण मनमिळाऊ म्हणजे चारचौघांत मिसळणारा, तो घरी मुलांशी कसा असेल ते त्यातून कळत नाही. लाघवी तर लहान मुलाला किंवा गोड बोलणाऱ्या मुलीला म्हणतात, बापाला कोण लाघवी म्हणेल.

आणि ऊब कशाकशाला म्हणतो ते आठवून बघ. कुशीची ऊब, गोधडीची, वाकळेची, चुलीजवळची, कोंबडी अंड्यांवर बसते ती. सगळीकडे अंग अंगाला लागलेलं आहे नाहीतर अंगावर काहीतरी पांघरलेलं आहे. ऊब मिळते, लागते, वाटते, दिली जाते. म्हणजे ती कुठल्यातरी जागेतून येते, कुशीतून, घरातून, पांघरुणातून. म्हणून घर उबदार होतं, खोली होते, शाल होते, कूससुद्धा होते, माणूस नाही होत. शेवटी पैशाचीही ऊब असते, खिशात असला की वाटते ती, पण पैसा उबदार आहे असं कोणी म्हणत नाही.

शब्दवेडा डोंबिवली

ठाकूरद्वार यांच्या मुद्द्याला जोडून जरा लांबण लावतो, विषय माझ्या आवडीचा आहे.

मराठीत माया दाखवणारे शब्द एका ओळीत लिहून बघा. ओलावा. पाझर फुटणे. पान्हा फुटणे. द्रवणे. मन भरून येणे. डोळे पाणावणे. स्नेह, आणि स्नेह म्हणजे मुळात तेल-तूप, आयुर्वेदात स्नेहन म्हणतात ते तेच. स्निग्ध नजर म्हणतो त्यातही तेच. म्हणजे मायेचा माणूस आपल्याकडे ओला आहे, गरम नाही. आणि उलट्या बाजूला बघा, ज्याच्यात माया नाही तो कोण? कोरडा. रुक्ष. शुष्क. "कोरडं बोलला", "नुसती कोरडी सहानुभूती", "कोरडेपणाने वागवलं". रुक्ष म्हणजेही कोरडाच. आठ महिने पाऊस नाही आणि चार महिने सगळं त्याच्यावर अवलंबून, अशा मुलखातल्या लोकांनी माया पाण्यावरून मोजली तर मला त्यात काही नवल वाटत नाही, हे माझं मत आहे, सिद्ध करून दाखवता येणार नाही.

दुसरी ओळ गारव्याची. डोळे निवले, जीव गार झाला, मन शांत झालं, काळजाला थंडावा मिळाला. हे सगळं चांगलं होणं आहे आणि सगळं थंड होणं आहे. मायेची सावली म्हणतो. वडील गेले की पितृछत्र हरपलं असं छापतात, छत्र म्हणजे डोक्यावरची सावली. मग गरम बाजूला काय उरलं? राग. तापट, भडक, डोकं तापलं, आग पाखडली, अंगाची लाही झाली. आणि नुकसान. महागाईची झळ लागली, संसाराचे चटके बसले, मुलांना आच लागू दिली नाही. झळ, चटका, आच, धग, सगळे शब्द सोसण्याचे. उष्णतेच्या एवढ्या मोठ्या कुटुंबात मायेच्या बाजूने उभा राहणारा एकच शब्द सापडतो आणि तो म्हणजे ऊब, कारण ती भाजत नाही. आणि तिच्याही नात्यातले शब्द बघा, उबट वास म्हणजे कोंदट वास, धान्य उबलं म्हणजे खराब झालं. ऊब जास्त झाली, हवा लागली नाही, की तीच नकोशी.

कलिनाकर ताई, याच्यातून तुमच्या कामाचा धोका वेगळाच दिसतो. तुमच्या प्रश्नावलीत वॉर्मच्या विरुद्ध कोल्ड असणार. त्याला कृपा करून "थंड" लिहू नका. मराठीत थंड माणूस म्हणजे सुस्त, नाहीतर शांत. "बाबा डोकं थंड ठेवतात" ही स्तुती आहे. मुलं हो म्हणून टिक करतील आणि तुम्ही ते माया नाही म्हणून मोजाल. तिथे कोरडा किंवा तुटक घाला, "माझ्याशी तुटक बोलतात" हे लालबागलाही कळेल आणि डोंबिवलीलाही.

अंधेरी लोकल

शब्दवेडा, आवडलं पण पूर्ण पटत नाही. ऊब आता माणसांसाठीही वापरतात हो, नात्यातली ऊब, मैत्रीची ऊब, लेखनातली ऊब, दिवाळी अंकात हमखास दिसतं. इंग्रजीवरून आलं असेल तर आलं, भाषा अशीच वाढते. आणि मुंबईच्या हवेवरून सगळ्या मराठीचा हिशोब मांडू नका. सांताक्रूझला जानेवारीत सरासरी किमान तापमान १६-१७ अंश, इथे पंखा बंद केला की आपण थंडी म्हणतो, पण लालबाग-परळच्या चाळी ज्यांनी भरल्या ते गिरणीतले लोक कोकणातून तसे घाटावरून पण आले, सातारा, कोल्हापूरकडून. तिकडे पौषात शेकोटीभोवती बसल्याशिवाय रात्र जात नाही, तिकडच्या माणसाला ऊब म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. संक्रांतीला तीळ आणि गूळ एकत्र करून देतो, दोन्ही उष्ण, आणि वर गोड बोला म्हणतो. थंडीत अंगाला ऊब देणारं खायला घालायचं आणि त्याच हाताने नातं जपायचं, हे जोडलेलंच आहे की आपल्याकडे.

कलिनाकर, अजून एक. तुझ्या सॅम्पलमध्ये घरी हिंदी बोलणारी मुलं असतील तर जपून. हिंदीत ऊब म्हणजे कंटाळा, ऊब गया म्हणजे कंटाळलो. "वडिलांच्या सहवासात ऊब वाटते" हे वाक्य परळच्या हिंदीभाषक घरातला मुलगा वाचेल तर काय समजेल विचार कर. हिंदीत वॉर्मला गर्मजोशी चालतं पण ते स्वागताला, बापाला नाही.

रात्रपाळी

मी नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स आहे, भाषेतलं फार कळत नाही पण ऊब हा शब्द दिवसातून जितक्या वेळा मी म्हणते तितका इथे कोणी म्हणत नसेल, म्हणून लिहिते.

वेळेआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं बाळ असलं की आईला सांगतो, बाळाला ऊब दे. ते बाळ थरथरून स्वतःला गरम करू शकत नाही, मोठ्या माणसाला हुडहुडी भरते तशी त्याला भरत नाही. त्याच्या मानेजवळ, खांद्याच्या मागे, किडनीभोवती एक वेगळी चरबी असते, ब्राउन फॅट, ती जाळून ते उष्णता तयार करतं, आणि लवकर जन्मलेल्या बाळाकडे तीही पुरेशी नसते. त्याचं तापमान ३६.५ ते ३७.५ सेल्सिअसमध्ये राहायला पाहिजे. म्हणून बाळाला लंगोट टोपडं मोजे एवढंच घालून आईच्या उघड्या छातीवर उभं धरायचं आणि वरून बांधायचं, कांगारू मदर केअर म्हणतात. १९७० च्या दशकाच्या शेवटी कोलंबियात बोगोटाला इन्क्युबेटर कमी पडत होते तिथल्या डॉक्टरांनी हे सुरू केलं, आता जगभर करतात. २०२१ मध्ये एक मोठा अभ्यास आला, भारतासह पाच देशांतल्या हॉस्पिटलांचा, १ ते १.८ किलोच्या बाळांना स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्यावर लगेच असं छातीशी ठेवलं तर पहिल्या महिन्यातले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. त्यामुळे ऊब हा आमच्याकडे नुसता प्रेमाचा शब्द नाही, बाळ घरी जाणार की नाही ते त्याच्यावर असतं.

आणि हे सांगायचं राहिलं, आई आजारी असली की बाप करतो. शर्ट काढून खुर्चीत बसवतो आम्ही. बरेच जण आधी लाजतात, नको सिस्टर म्हणतात, बाहेर लोक आहेत म्हणतात, आणि एकदा बाळ ठेवलं की उठायला तयार नसतात, मोबाइल वाजला तरी घेत नाहीत. त्यांना कोणी विचारलं तू उबदार आहेस का तर काय सांगणार ते, पण ऊब देतोयस का विचारलं तर नक्की हो म्हणतील. तुझे वडील जवळ घेतात का, पाठीवर हात ठेवतात का, असं विचार ना गं सरळ.

माटुंगा प्राध्यापक

रात्रपाळी यांनी शेवटच्या ओळीत जे सांगितलं ते आमच्या विषयातली माणसंही सांगतात. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड रोनर यांचं सगळं काम याच गोष्टीवर आहे. त्यांच्या मांडणीत पालकांची वॉर्म्थ ही एक पट्टी आहे, एका टोकाला स्वीकार आणि दुसऱ्या टोकाला नकार, आणि ती दिसते कशी तर शरीराने, शब्दाने आणि खुणेने. मिठी मारणं, शाबासकी देणं, आणि तिसरं म्हणजे त्या त्या समाजात ज्याला प्रेमाची खूण समजतात ते. हा तिसरा भाग भाषांतर करून मिळत नाही, तो इथेच शोधावा लागतो.

वॉर्म हा शब्द सायकॉलॉजीत एवढा मोठा का झाला तेही बघण्यासारखं आहे. १९४६ मध्ये सॉलोमन ऍश या मानसशास्त्रज्ञाने लोकांना एका माणसाचे सात गुण वाचून दाखवले, हुशार, कुशल, मेहनती असे. एका गटाला त्यात वॉर्म हा शब्द होता, दुसऱ्या गटाला त्याच जागी कोल्ड, बाकी यादी तीच. तेवढ्या एका शब्दाने त्या माणसाचं सगळं चित्र बदललं, तो उदार वाटतो का, आनंदी वाटतो का, सगळंच. नम्र आणि फटकळ अशी जोडी बदलून बघितली तर एवढा फरक पडला नाही. पुढे त्यानेच १९५० च्या दशकात हिब्रू, चिनी, थाई, मल्याळम अशा दूरदूरच्या भाषांत बघितलं की गरम-थंड, कडक-मऊ हे शब्द माणसाच्या स्वभावालाही लावतात का. लावतात, पण अर्थ सगळीकडे एकच निघत नाही, कुठे हॉट म्हणजे राग तर कुठे उत्साह. तेव्हा शब्दवेडा म्हणतात ते काही मराठीपुरतं नाही.

एक सावधानता. २००८ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात गरम कॉफीचा कप हातात धरलेल्या लोकांना समोरचा माणूस जास्त वॉर्म वाटला असं आलं होतं आणि ते अजून सगळीकडे सांगितलं जातं, पण नंतर जास्त लोकांवर केलेल्या प्रयोगांत तो परिणाम दिसला नाही. तुझ्या पहिल्या प्रकरणात ते पुरावा म्हणून टाकू नकोस.

आता तुझ्या वाक्याबद्दल. घरी-चाळीत प्रेम विचारपुशीतून दिसतं. जेवलास का, पोचलास का, गाडी मिळाली का. मला स्वतःला वाटतं की मुंबईच्या मराठी बापाची माया यातच सगळ्यात जास्त सापडेल. पण इथे एक खड्डा आहे. "उशीर झाला तर बाबा फोन करून कुठे आहेस विचारतात" हे वाक्य घातलंस तर त्यात माया किती आणि नजर ठेवणं किती ते वेगळं काढता येणार नाही, आणि मुलींच्या उत्तरात तर अजिबात नाही. ज्या मुलीला सातच्या आत घरात यावं लागतं तिच्यासाठी तो फोन वेगळा आहे. म्हणून विचारपुशीची वाक्यं अशी निवड की ज्यात परवानगीचा प्रश्नच येत नाही. माझी तब्येत बरी नसेल तर वडिलांच्या लगेच लक्षात येतं. माझं काही बिनसलं असेल तर ते जवळ बसतात. मी काही सांगत असताना हातातलं काम थांबवून ऐकतात.

लोहारचाळ

विषय थोडा बाजूला जाईल पण सांगतो. माझं लाइटचं दुकान आहे. बॉक्सवर वॉर्म व्हाइट लिहिलेलं असतं, २७०० ते ३००० केल्विन (केल्विन म्हणजे लाइटच्या रंगाचं माप), आणि ६५०० वाला कूल डे लाइट. गंमत म्हणजे... गंमत नाही, खरी गोष्ट, केल्विनचा आकडा जितका जास्त तितका लाइट निळसर, म्हणजे ज्याला कूल म्हणतात त्याचा आकडा मोठा. मराठी गिऱ्हाईक आलं की वॉर्म कोणी मागत नाही, पिवळा द्या म्हणतात नाहीतर पांढरा द्या. देवघराला पिवळा, अभ्यासाला पांढरा. जो दिसतो तो रंग सांगतात आणि काम होतं. तुमच्या प्रश्नावलीचंही तसंच असावं असं वाटलं, जे दिसतं ते विचारा.

कलिनाकर

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठाकूरद्वार काकू, "जीव लावणं" मी कालच तिघी-चौघींना विचारून बघितलं, एकीनेही अर्थ विचारला नाही, आणि मुलं पण पटकन बोलायला लागली. शब्दवेडा, थंडचं तुम्ही सांगितलंत ते फार मोठं काम झालं, माझ्याकडे खरंच "वडील माझ्याशी थंडपणे वागतात" असं उलट मोजायचं, म्हणजे हो आलं की माया कमी धरायची, वाक्य आहे, ते काढून "माझ्याशी तुटकपणे बोलतात" करतेय.

सर, गाइड मॅडमशी बोलले. त्यांचं म्हणणं मूळ वाक्याच्या जागी वाक्य ठेवायचं पण शब्दाच्या जागी शब्द नाही ठेवला तरी चालेल, फक्त का बदललं ते लिहून ठेवायचं आणि दोन वेगळ्या लोकांकडून परत इंग्रजीत करून घ्यायचं, एकाला मूळ प्रश्नावली माहीत नसलेला पाहिजे. तर आत्ता तरी असं ठरतंय की सुरुवातीचं एक वाक्य "माझे वडील मला जीव लावतात", आणि खाली सरांनी सांगितलेली दोन, आणि रात्रपाळी ताईंचं पाठीवर हात ठेवण्याचं. ऊब हा शब्द फक्त आईच्या भागात एकदा ठेवते, "आईजवळ बसलं की मला ऊब वाटते", तो काढायला मन होत नाही.

एकच शंका उरलीय. जीव लावणं बापाच्या बाबतीत मुलगे म्हणतील का? आईबद्दल सगळे म्हणतात.

ठाकूरद्वार

म्हणतील, पण पहिल्या झटक्यात नाही. आमच्या मुलाला विचारलं तर आधी "बाबा चांगले आहेत" एवढंच म्हणाला. मग म्हटलं जीव लावतात का, तर म्हणाला हो मग, बोलत नाहीत पण. तू ते वाक्य सुरुवातीला नको घालूस, आधी पाठीवर हात, तब्येत वगैरे येऊ दे, शेवटी हे. तोपर्यंत त्याला चार गोष्टी आठवलेल्या असतील.

रात्रपाळी

आणि आईच्या भागात "ऊब वाटते" ठेवते आहेस तर बापाच्या भागात पण ठेव की. उत्तर नाही आलं तर नाही आलं, पण विचारलं तर पाहिजे. माझ्या वॉर्डातल्या बापांसाठी तरी ठेव.

माटुंगा प्राध्यापक

दोन्ही ठेव. पायलटमध्ये, म्हणजे आधी थोड्या लोकांवर करून बघशील तेव्हा, वाक्य कळलं का हे वेगळं विचार आणि उत्तर काय आलं हे वेगळं नोंदव. बापाच्या रकान्यात मुलं अडखळली तर ती शब्दामुळे की बापामुळे, हे त्याशिवाय कळणार नाही. आणि पायलट फक्त कॉलेजच्या मुलांवर करू नकोस, दोन-तीन वडीलही घे.